ठराव आणि वर्गणी : आशिया-आफ्रिकेच्या एकजुटीत वऱ्हाडचा वाटा



गुरुकुंजातल्या या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा प्रथम आम्हांला संकोच वाटला. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढे जे थोडेबहुत शिकलो ते जिनाच्या फाटकावर, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पण मग वाटले, दुबळ्या माणसांची एकजूट बांधण्याच्या उद्योगात आमची तीस वर्षे गेली आहेत. ती कशाने जमते, कशाने टिकते आणि कोणत्या दिवशी मोडते, एवढे तरी आम्ही जवळून पाहिले आहे. आज ज्यांना विकसनशील राष्ट्रे म्हणतात त्यांची गोष्ट याहून फार निराळी नाही. म्हणून आमच्या हाती जो एक गज आहे त्याच गजाने हा इतिहास मोजून पाहावा असे ठरवले.

तो गज असा. नव्या संघटनेच्या पहिल्या सभेला गर्दी असते, टाळ्या होतात, ठराव एकमताने पास होतो. आम्ही त्यावर फारसे विसंबत नाही. आम्ही दोन गोष्टी पाहतो. सहा महिन्यांनी वर्गणीची पावती कितीजण फाडतात, आणि शेजारच्या कारखान्यात संप झाला की आपल्यातले कोण तिथे जाऊन उभे राहतात.

प्रारंभ आपल्या घरापासूनच केला पाहिजे. परक्याच्या फौजेवर आपले संरक्षण सोपवले म्हणजे काय होते हे कळायला वऱ्हाडच्या माणसाला दूर जावे लागत नाही. हैदराबादच्या निजामाकडे ‘कंटिंजंट’ नावाची फौज होती. नाव निजामाचे, खर्च निजामाचा, पण अधिकारी आणि हुकूम इंग्रजांचा. पगार थकत गेला, कंपनी सरकार पैसे उसने देत गेले आणि कर्ज साचत गेले. अखेर १८५३ च्या मे महिन्यात तह झाला आणि त्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. १८६० साली इतर काही मुलूख निजामाला परत मिळाला, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपये खंडाने वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला. फौज ठेवली होती राज्य राखायला, आणि त्या फौजेपायीच राज्याचा सर्वांत सुपीक तुकडा गेला. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला मात्र या व्यवहारात कोणी एका शब्दाने विचारले नाही.

ज्यांनी तो घेतला त्यांना या काळ्या जमिनीची किंमत पुरती ठाऊक होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या इकडच्या रुईवर तुटून पडल्या. भाव चढला, शेतकऱ्याने घरात पैसा पाहिला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. युद्ध कोणाचे, गिरण्या कोणाच्या, आणि बसणारा फटका कोणाचा! कापसाचा भाव आपल्या गावात ठरत नाही हे वऱ्हाडला तेव्हापासून माहीत आहे.

पारतंत्र्यातून सुटलेले देश १९५५ साली इंडोनेशियातील बांडुंग शहरी जमले, तेव्हा त्यांच्या प्रत्येकाच्या गाठीशी असलाच काहीतरी अनुभव होता. १८ ते २४ एप्रिल अशी सात दिवस ती परिषद चालली. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन आणि इंडोनेशिया या पाच देशांनी ती बोलावली होती आणि एकूण २९ देश हजर होते. आपण अनेकदा समजतो की ते सारे एका विचाराचे होते. तसे मुळीच नव्हते. पाकिस्तान, थायलंड आणि फिलिपाईन्स हे आदल्याच वर्षी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या लष्करी करारात सामील झाले होते. पंडित नेहरूंना असले करार म्हणजे नव्या रूपातली तैनाती फौज वाटत होती. दोन्ही बाजूंनी चांगलीच खडाजंगी झाली. शेवटी जी दहा तत्त्वे मान्य झाली त्यांत दोन्ही पक्षांचे म्हणणे शेजारीशेजारी बसवले आहे. प्रत्येक राष्ट्राला एकट्याने किंवा इतरांसह स्वसंरक्षणाचा हक्क आहे, हे एक. आणि सामुदायिक संरक्षणाच्या योजना बड्या राष्ट्रांच्या स्वार्थासाठी वापरू नयेत, हे दुसरे. तडजोडीचा मसुदा ज्याने कधी लिहिला असेल त्याला या दोन वाक्यांमागची रात्रीची जागरणे दिसतील.

या परिषदेपायी जीवही गेले. ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचे विमान चीनच्या शिष्टमंडळातील मंडळींना आणि काही पत्रकारांना घेऊन हाँगकाँगहून निघाले होते. ११ एप्रिल १९५५ रोजी समुद्रावर असताना त्यात दडवून ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय त्या विमानात नव्हते, ते वाचले. विमानातील १९ जणांपैकी १६ मेले. जळते विमान पाण्यावर उतरवण्याची शर्थ करणारे कप्तान जातार त्यांत होते. दीक्षित, कर्णिक आणि पाठक हे तिघे कर्मचारी तेवढे वाचले. परिषदेच्या इतिहासात पुढाऱ्यांची छायाचित्रे छापतात. आम्ही कामगारांची माणसे असल्यामुळे आमचे लक्ष आधी या नावांकडे जाते. राष्ट्रांची मैत्री म्हणून जी काही असते ती वाहून नेणारे असे पगारी नोकर असतात आणि जोखीम प्रथम त्यांच्यावर येते.

आता १९५५ हे साल आपल्या या परिसरालाही कसे लागून आहे ते पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीत गुरुकुंज उभारले होते. महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले आणि हातातली खंजिरी घेऊन गेले. ग्रामगीता त्याच वर्षीची. खेड्याचा विचार करणारा माणूस जगाचा विचार करू शकत नाही, अशी एक समजूत शहरी मंडळींत आहे. ती किती पोकळ आहे हे या एका सालावरून कळावे.

याच जिल्ह्यातले दुसरे गृहस्थ त्याच वर्षी दिल्लीत एक काम हाती घेत होते. पापळ गावात १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख आपल्याला शिवाजी शिक्षण संस्थेमुळे ठाऊक आहेत. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहामुळे ठाऊक आहेत. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे त्यांनी केंद्रात शेतीचे खाते पाहिले हेही बहुतेकांना माहीत असते. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार त्यांनी देशभर केला. परंतु आशिया-आफ्रिकेच्या सहकार्याच्या इतिहासात त्यांचे जे स्थान आहे त्याचा उल्लेख त्यांच्या जयंतीच्या भाषणांतही क्वचित ऐकू येतो.

बांडुंगच्या त्याच एप्रिल महिन्यात पंजाबरावांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ च्या डिसेंबरात या समाजाने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ते उघडले, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर समारंभास आले. शीतयुद्धाचा तो काळ. तरी दिल्लीच्या त्या मैदानावर अमेरिका, रशिया आणि चीन या तिघांचेही मंडप होते आणि आपला शेतकरी डोक्याला फेटा बांधून तिन्ही मंडपांतून हिंडत होता.

पण प्रदर्शन म्हणजे जत्रा. ती उठते. पंजाबरावांचा मोठेपणा आम्हांला दिसतो तो पुढल्या दोन वर्षांत. त्यांच्या आणि कृषक समाजाच्या पुढाकाराने जानेवारी १९६१ मध्ये दिल्लीत आशिया-आफ्रिकेतील देशांची ग्रामीण पुनर्रचनेवर परिषद भरली. दुसरी परिषद मार्च १९६२ मध्ये कैरोला झाली. तेथे घटना मंजूर झाली आणि ३१ मार्च १९६२ रोजी आफ्रो-आशियाई ग्रामीण पुनर्रचना संघटना रीतसर अस्तित्वात आली. कचेरी दिल्लीत, सभासद म्हणजे सरकारे, आणि प्रत्येक सभासदाने वर्गणी द्यायची. त्या वर्गणीतून एका देशातल्या लोकांनी दुसऱ्या देशात जाऊन शिकायचे, जाणकार पाठवायचे, लहान प्रयोग उभे करायचे. कामे दिसायला किरकोळ. पण बांडुंगच्या परिषदेने मागे कायमची कचेरी ठेवली नाही. या संघटनेने ठेवली. नावातला ‘पुनर्रचना’ शब्द जाऊन ‘विकास’ आला, तरी तीच संघटना दिल्लीहून आज चालू आहे आणि तिचे सभासद तिसाच्या वर आहेत. दिल्लीचे ज्याच्याशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत तो तैवानदेखील तिच्यात भारताच्या शेजारी बसतो. वकिलातीच्या दारातून जे जमत नाही ते शेताच्या बांधावरून जमते, असा हा अनुभव आहे.

पहिली कसोटी, पावतीची, येथे उतरली. आता दुसरी पाहू.

कैरोच्या सभेला सात महिने होतात न होतात तोच ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने सीमेवर हल्ला केला. बांडुंगला ज्या चौ एन लाय यांना भारताने हात धरून पुढे आणले होते त्यांचाच हा देश. महिन्याभरात आपल्या सैन्याची वाताहत झाली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. शस्त्रे मागावी लागली ती अमेरिका आणि ब्रिटन यांच्याकडे. आणि आमचे आशिया-आफ्रिकेतील मित्र? डिसेंबरात सिलोन, ब्रह्मदेश, कंबोडिया, इंडोनेशिया, इजिप्त आणि घाना हे सहा देश कोलंबोला जमले. त्यांनी तडजोडीचा एक मसुदा केला. सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके तो घेऊन पेकिंगला आणि दिल्लीला गेल्या. आक्रमक कोण, हे त्या मसुद्यात लिहिलेले नव्हते. भारताने तो मान्य केला, चीनने तत्त्वतः होकार देऊन अटी घातल्या, आणि प्रकरण तसेच लोंबत पडले.

यावर आपल्याकडे दोन प्रकारे बोलतात. कोणी म्हणतात, ही सारी दोस्ती पोकळ निघाली, अशा परिषदांना जाणेच मूर्खपणाचे. कोणी म्हणतात, त्या सहा देशांनी निदान मध्यस्थी तर केली. आमच्या अनुभवाला दोन्ही अपुरे वाटतात. संपाच्या दिवशी शेजारच्या कारखान्यातले कामगार आले नाहीत म्हणून आम्हीही पूर्वी फार चिडत असू. वयाने शिकवले की आधी स्वतःला विचारावे, त्यांनी यावे असा करार आपण त्यांच्याशी केला होता काय? त्यांचा संप असताना आपण गेलो होतो काय? भारताने लष्करी गट नाकारले ते योग्यच केले. वऱ्हाडच्या १८५३ च्या गोष्टीनंतर दुसरे काय सांगणार? पण गट नाकारल्यावर त्या जागी परस्परांच्या संरक्षणाची दुसरी कोणती व्यवस्था उभी करायची, हे काम कोणी केले नाही. ठराव होते, पण त्याखाली बांधिलकीचा कागद नव्हता.

युद्धाच्या मागोमाग भावाचा प्रश्न आला आणि तो आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. जून १९६४ मध्ये जिनिव्हाला व्यापारविषयक परिषदेत ७७ देशांनी आपला गट केला. मागणी साधी होती. आम्ही कच्चा माल विकतो, तुम्ही पक्का; आमच्या मालाला स्थिर आणि रास्त भाव मिळावा. कापूस, ताग, कोको, कॉफी या सगळ्यांचे दुखणे एक होते.

त्यानंतर चाळीस वर्षांनी हा प्रश्न कापसाच्याच रूपाने पुढे आला. पश्चिम आफ्रिकेतील माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या चार देशांनी २००३ साली जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले, की अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देते, त्याने जगाचा भाव पडतो आणि आमचा कोरडवाहू शेतकरी मरतो. कोरडवाहू, पावसावर अवलंबून, थोड्या एकरांचा धनी आणि कर्जात बुडालेला. हे वर्णन वाचताना आमच्या डोळ्यांपुढे माली आले नाही, दर्यापूर आणि मूर्तिजापूर आले. त्या वर्षी कानकुनची परिषद फिसकटली. ब्राझीलने मात्र याच अनुदानाविरुद्ध स्वतंत्र फिर्याद केली, ती जिंकली, आणि २०१४ साली अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन ब्राझीलशी मिटवले. आफ्रिकेतल्या त्या चार देशांच्या हाती त्यातला पैसा आला नाही. कारखान्यात एखादा कसबी फिटर स्वतःची पगारवाढ करून घेतो आणि हमाल तसेच राहतात, त्यातलाच हा प्रकार. फिटरला दोष देऊ नये, पण त्याला एकजुटीचा विजयही म्हणू नये.

आणि आपण काय केले? हे विचारायला नको वाटते, पण विचारलेच पाहिजे. २०१२ साली भारताने आफ्रिकेतील कापूस पिकवणाऱ्या देशांसाठी तंत्रसाहाय्याची योजना सुरू केली. तिकडच्या लोकांना बियाणे, लागवड आणि जिनिंग यांचे शिक्षण मिळावे हा हेतू. आपल्या नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राचाही त्यात भाग होता. पंजाबराव असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. पण त्याच वर्षी ५ मार्चला सरकारने एका हुकमाने कापसाची निर्यात बंद केली. आपल्या रुईवर चालणाऱ्या बांगलादेशच्या गिरण्या एका दिवसात अडचणीत आल्या. इकडे वऱ्हाडात भाव घसरला. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीही उघड विरोध केला. आठवड्याभरात बंदी सैल करावी लागली. शेजाऱ्याला विचारले नव्हते, आणि आपल्या शेतकऱ्यालाही नाही. १९०२ साली कलकत्त्याच्या व्हाइसरॉयने विचारले नव्हते, ते एक वेळ समजू शकते.

उलट बाजूचा प्रसंग अगदी ताजा आहे. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर बसवल्यामुळे कापड गिरण्या संकटात होत्या, त्यांनी ते मागितले होते. आपला नवा कापूस त्याच महिन्यांत घरात येतो. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, आणि बाजारात त्याहून कमी भाव. त्या हंगामात एका जिनाच्या फाटकावर आमची सभा होती. रेच्यावर काम करणारी एक बाई उठून म्हणाली, “भाऊ, बाहेरचा कापूस सस्ता आला त आमच्या जिनात माल कमी येईन. मंग आमचा हंगाम दोन महिन्यात सरन. अन् तुमी म्हणता आफ्रिकेतले लोक आपले भाऊ. कोनाचे भाऊ?”

सभेत हशा पिकला. आम्हांला हसू आले नाही, कारण तिचा प्रश्न बरोबर होता. सुताच्या गिरणीतला कामगार आमचाच. रुई महाग झाली की त्याची पाळी बंद होते. जिनातली बाई आमचीच. रुई बाहेरून आली की तिचा हंगाम आटतो. मालीचा शेतकरी आमच्यासारखाच. त्याचा कापूस कोणी घेतला नाही तर तो उपाशी. तिघांची हिते आज एकमेकांना टोचतात. बंधुभावाचे गोड शब्द बोलून हे टोचणे थांबत नाही. बांडुंगपासून आजपर्यंतच्या परिषदांत हेच झाकले गेले. जिथे सर्वांचे शत्रू एक, तिथे ठराव एकमताने होतात. जिथे आपलाच भाव एकमेकांच्या आड येतो, तिथे कोणी तोंड उघडत नाही.

त्या बाईला आम्ही जे उत्तर दिले तेच येथे सांगतो. भाऊ याचा अर्थ भांडण नाही असा नव्हे. एका वाड्यात राहणाऱ्या भावांनी विहिरीचे पाणी केव्हा कोणी काढायचे हे ठरवून घ्यायचे असते. आम्ही संपावर जातो तेव्हासुद्धा आधी नोटीस देतो, ज्याच्याशी भांडतो त्यालाही. मग ज्यांना मित्र म्हणतो त्या देशांना निर्यात बंद करताना किंवा आयात खुली करताना हंगामाआधी नोटीस का नसावी? कापूस पिकवणारे आणि वापरणारे आशिया-आफ्रिकेतील देश पेरणीपूर्वी एकदा बसून आपापले अंदाज आणि बेत एकमेकांपुढे का ठेवू नयेत? आणि त्या बैठकीत अधिकाऱ्यांच्या जोडीला पिकवणारा, वेचणारी आणि रेच्यावर बसणारी यांचा माणूस का असू नये? यात कोणाचे सार्वभौमत्व जात नाही. सार्वभौमत्व जाते ते १८५३ सारखे, हिशेब न पाहता उधारी वाढू दिल्याने.

ती बाई म्हणाली, “असं होईन तवा खरं.” खाली बसली. आम्हीही तेच म्हणतो.

पंजाबराव १० एप्रिल १९६५ रोजी वारले. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यास झाले, पुतळे झाले, जयंत्या होतात. पण त्यांनी उभारलेली ती कचेरी अजून दिल्लीत आहे आणि भारताची वर्गणी तिथे जाते, म्हणजे आपल्या सर्वांची जाते. वर्गणीदाराला पत्र लिहिण्याचा हक्क असतो. व्याख्यान संपल्यावर आम्ही अशा एका पत्राचा मसुदा वाचून दाखवणार आहोत. त्यात वर सांगितलेल्या तीनच गोष्टी आहेत : हंगामापूर्वी नोटीस, पेरणीपूर्वी बैठक, आणि बैठकीत राबणाऱ्यांचा माणूस. मसुद्यात चूक असेल ती दुरुस्त करा, आणि पटले तर सही करा. त्या जिनातल्या बाईची सही त्यावर पहिली आहे.